फुट्सक्रेचे बुलडॉग्ज: एका क्लबच्या चढउतारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नला नव्याने आलेल्या माणसाला नोकरी, घर, मुलांची शाळा यांच्या जोडीने एक प्रश्न हमखास विचारला जातो: फूटीत तुम्ही कुठल्या टीमचे? पश्चिम उपनगरांत घर घेतलं असेल तर शेजारी उत्तरही देऊन टाकतात: बुलडॉग्ज. टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या भागांत आता आपली माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून आणि बॉक्सिंग डे कसोटीसाठी येऊन एमसीजी पाहून गेलेल्या पाहुण्यांकडून जे प्रश्न मला वरचेवर येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मी या क्लबचा पाठीराखा आहे, तेव्हा तटस्थ लेखनाची अपेक्षा ठेवू नका.

हा खेळ नेमका कोणता? रग्बीच ना?

नाही. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बोलण्यात ‘फूटी’. त्याचे पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेले. मैदान लंबगोल आणि क्रिकेटचंच असतं, त्यामुळे उन्हाळ्यात जिथे कसोटी होते तिथेच मार्च ते सप्टेंबर फूटी चालते. एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण तो फेकता येत नाही. एक तर लाथेने मारायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोकायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे १ गुण.

धावफलक वाचायची रीत एकदा कळली की पुढचं सोपं जातं. १५.१२ (१०२) याचा अर्थ १५ गोल, १२ बिहाइंड, एकूण १०२ गुण. हा आकडा मी सहज घेतलेला नाही, तो खाली पुन्हा येईल.

फुट्सक्रे कुठे आहे, आणि तिथल्या लोकांना या क्लबचं एवढं का वाटतं?

मेलबर्नच्या मध्यवस्तीतून पश्चिमेला मॅरिबर्नॉन्ग नदी ओलांडली की फुट्सक्रे लागतं. एकेकाळी इथे कत्तलखाने, कातडी कमावण्याच्या जागा, दोरखंडाचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना होता. नदीपलीकडच्या शहराने या भागाकडे कायम नाक मुरडलं. वास इकडचा आणि मजुरी इकडची, पण शाळा, बागा आणि पैसा तिकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर माल्टा, इटली, ग्रीस इथून माणसं आली, १९७५ नंतर व्हिएतनाममधून, मग आफ्रिकेतून. आज बार्कली स्ट्रीटवर भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत आणि तोच रस्ता पुढे क्लबच्या मैदानाजवळून जातो.

या भागाचं स्वतःचं म्हणावं असं, शहराने मोजावं असं, फार थोडं होतं. शनिवारी दुपारी लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा संघ नदीपलीकडच्यांना हरवायचा तेव्हा हिशेब चुकता झाल्यासारखं वाटायचं. त्यामुळे क्लबचा इतिहास नुसत्या जयपराजयाच्या तक्त्यातून समजत नाही.

क्लब सुरुवातीपासून दुबळाच होता का?

उलट. क्लब आपलं मूळ १८७७ सालापर्यंत नेतो. जुन्या व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमध्ये फुट्सक्रे दबदबा राखून होतं. १८९८, १८९९ आणि १९०० अशी सलग तीन विजेतेपदं धरून १९२४ पर्यंत नऊ विजेतेपदं त्यांनी घेतली. पण १८९६ मध्ये आठ क्लब त्या असोसिएशनमधून फुटून निघाले आणि १८९७ पासून त्यांनी व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली, तेव्हा फुट्सक्रे त्या आठांत नव्हतं. मोठ्यांची पंगत मांडली गेली आणि फुट्सक्रे दाराबाहेर उभं राहिलं.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या मदतनिधीसाठी एक सामना ठरला. एका बाजूला लीगचा विजेता एसेंडन, दुसऱ्या बाजूला असोसिएशनचा विजेता फुट्सक्रे. फुट्सक्रेने तो २८ गुणांनी जिंकला. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न यांच्याबरोबर फुट्सक्रेला लीगमध्ये जागा मिळाली. मग मात्र कित्येक वर्षं हाती काही लागलं नाही.

१९५४ ला एवढं महत्त्व का?

लीगमधलं ते पहिलं विजेतेपद. २५ सप्टेंबर १९५४, एमसीजी, ८०,८९७ प्रेक्षक. फुट्सक्रे १५.१२ (१०२), मेलबर्न ७.९ (५१). बरोबर दुप्पट गुण. कर्णधार आणि प्रशिक्षक एकच माणूस, चार्ली सटन. जॅक कॉलिन्सने एकट्याने सात गोल केले.

समोरच्या मेलबर्न संघाचा प्रशिक्षक होता नॉर्म स्मिथ. या पराभवानंतर त्याच्या संघाने पुढच्या सहा वर्षांत पाच विजेतेपदं घेतली आणि स्मिथचं नाव या खेळातल्या सर्वांत मोठ्या प्रशिक्षकांत घेतलं जाऊ लागलं. आज ग्रँड फायनलमधल्या, म्हणजे अंतिम सामन्यातल्या, सर्वोत्तम खेळाडूला जे पदक देतात, ते त्याच्याच नावाचं आहे. जिंकलेल्या फुट्सक्रेच्या वाट्याला मात्र पुढे वाट पाहणं आलं. १९६१ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि हॉथॉर्नकडून ४३ गुणांनी हरला. त्यानंतर ग्रँड फायनलचं तोंड पाहायला ५५ वर्षं गेली.

टेड व्हिटन कोण? त्याचं नाव सगळीकडे का दिसतं?

१९५४ च्या संघातला २१ वर्षांचा पोरगा. पुढे कर्णधार, प्रशिक्षक, आणि १९५१ ते १९७० या काळात ३२१ सामने. सगळं पश्चिमेकडच्या एकाच क्लबसाठी. लोक त्याला ‘मिस्टर फुटबॉल’ म्हणायचे. खेळ सोडल्यावर व्हिक्टोरिया राज्याच्या संघाची धुरा त्याने ज्या हिरिरीने वाहिली, त्यामुळे इतर क्लबांचे लोकही त्याला आपलाच मानत.

१९९५ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाने तो खंगला, दृष्टी गेली. त्या जूनमध्ये एमसीजीवर राज्यांचा सामना होता. सामन्याआधी उघड्या गाडीतून, मुलाच्या आधाराने, त्याने मैदानाला एक फेरी मारली. त्याला गर्दी दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. त्या दिवशी हजर असलेल्या एका वयस्क शेजाऱ्यांनी मला ही आठवण सांगितली, आणि सांगता सांगता ते बोलायचे थांबले. दोन महिन्यांनी, १७ ऑगस्टला, व्हिटन गेला. वेस्टर्न ओव्हल या घरच्या मैदानाला तेव्हापासून व्हिटन ओव्हल म्हणतात.

चांगले खेळाडू नव्हते म्हणून क्लब हरत राहिला का?

हा सर्वांत मोठा गैरसमज. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला दिलं जाणारं ब्राउनलो पदक या क्लबच्या दहा खेळाडूंनी मिळवलं आहे. गॅरी डेम्प्सी १९६९ च्या वणव्यात भयंकर भाजला होता. तो उभा राहिला, पुन्हा खेळायला आला, आणि १९७५ मध्ये त्याने हे पदक घेतलं. केल्विन टेम्पल्टनने १९७८ मध्ये सेंट किल्डाविरुद्ध एकाच सामन्यात १५ गोल केले आणि संघाने त्या दिवशी २१३ गुण चढवले.

अडचण होती ती असे खेळाडू टिकवून धरण्याची. डेम्प्सी नॉर्थ मेलबर्नला गेला, टेम्पल्टन मेलबर्नला. सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण १९८१ चं. त्या वर्षी ब्राउनलो पदक दोघांत विभागून दिलं गेलं: साउथ मेलबर्नचा बॅरी राउंड आणि फिट्झरॉयचा बर्नी क्विनलन. दोघंही आधी फुट्सक्रेचे. रोप इथे लावायचं, पाणी इथे घालायचं आणि फळ दुसऱ्याच्या अंगणात पडायचं.

याच्या मुळाशी पैसा होता. श्रीमंत क्लबांच्या मागे मोठे व्यापारी होते, इथे कारखान्यातले कामगार. त्यातच १९६० च्या दशकाच्या अखेरीस लीगने ग्रामीण व्हिक्टोरियाचे पट्टे पाडून एकेक पट्टा एकेका क्लबला वाटून दिला. ज्याच्या वाट्याला सुपीक पट्टा आला त्याची भरभराट झाली. खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आणि नव्या खेळाडूंची क्रमवार निवड, म्हणजे ‘ड्राफ्ट’, या दोन गोष्टी १९८० च्या दशकाच्या मध्यावर आल्या. त्यामुळे पुढे लहान क्लबांना श्वास घेता आला, पण फुट्सक्रेच्या डोक्यावर कर्ज तोवर चढलेलंच होतं.

१९८९ मध्ये नेमकं काय घडलं?

कुणी मला या क्लबबद्दल एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी १९५४ सांगणार नाही आणि २०१६ ही नाही. मी १९८९ चा ऑक्टोबर सांगेन.

त्या काळी लीगला देशभर पसरायचं होतं. साउथ मेलबर्न १९८२ मध्येच सिडनीला हलवला गेला होता. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे नवे संघ आले होते. एका मेलबर्न शहरात इतके क्लब परवडत नाहीत, असं लीगच्या कारभाऱ्यांचं मत होतं. २ ऑक्टोबर १९८९, सोमवार. ग्रँड फायनल होऊन दोनच दिवस झाले होते. त्या दिवशी जाहीर झालं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय यांचं विलीनीकरण होणार. नाव ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’. म्हणजे फुट्सक्रे हा शब्दच पुसला जाणार. सभासदांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना ते बातम्यांतून कळलं.

मग जे झालं ते कारभाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं. पश्चिमेतच वाढलेला वकील पीटर गॉर्डन पुढे आला. आयरीन चॅटफील्ड या सामान्य पाठीराख्या बाईंनी आपलं नाव देऊन न्यायालयात दाद मागितली, आणि विलीनीकरणाला तात्पुरती मनाई मिळाली. हातात साधारण तीन आठवडे होते, तेवढ्यात कर्ज फेडायची सोय दाखवायची होती.

पुढच्या रविवारी वेस्टर्न ओव्हलवर सभा भरली आणि हजारो माणसं आली. त्यानंतर लोक डबे घेऊन चौकाचौकात, सिग्नलला, दुकानांच्या दारात उभे राहिले, घरोघर फिरले. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करताना मंडळाची पोरं जिने चढतात, त्या कुणालाही हे चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की इथे वर्गणी कमी पडली असती तर मंडळच राहणार नव्हतं.

रक्कम उभी राहिली आणि विलीनीकरण मोडलं. गॉर्डन क्लबचा अध्यक्ष झाला. प्रशिक्षक मिक मॉल्टहाउस पर्थला निघून गेला होता, त्याच्या जागी जुना खेळाडू टेरी व्हीलर आला. आणि १९९० मध्ये या मोडीत काढलेल्या क्लबच्या टोनी लिबराटोरे नावाच्या बुटक्या, चिवट खेळाडूने ब्राउनलो पदक जिंकलं.

आणि फिट्झरॉयचं काय झालं?

तो क्लब आणखी सात वर्षं कसाबसा टिकला. १ सप्टेंबर १९९६ ला पर्थमध्ये शेवटचा सामना खेळून तो लीगमधून गेला, आणि ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. फिट्झरॉयच्या लोकांचं प्रेम आपल्यापेक्षा कमी नव्हतं. बुलडॉग्जचा वाचलेला प्राण साजरा करताना त्यांची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

मग फुट्सक्रे हे नाव शेवटी का सोडलं?

१९९६ मध्ये क्लब पुन्हा गाळात होता. मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला आणि टेरी वॉलेसकडे सूत्रं आली. डेव्हिड स्मॉर्गन यांच्या नेतृत्वाखाली नवं मंडळ आलं. एका उपनगरापेक्षा सगळ्या पश्चिम मेलबर्नचा क्लब व्हावं म्हणून १९९७ पासून ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव घेतलं. त्याच वर्षी लीगचे सामने व्हिटन ओव्हलवरून हलवले गेले, आणि २००० पासून डॉकलंड्सचं छप्पर असलेलं स्टेडियम घरचं मैदान झालं.

जुन्या लोकांना हे फार लागलं. दारोदार फिरून ज्या नावासाठी पैसे जमवले तेच नाव सात वर्षांनी जावं, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण पश्चिमेची वस्ती तेव्हा वेरिबीच्या दिशेने वाढत होती आणि तिथल्या नव्या माणसाला फुट्सक्रे हे नाव परकं होतं, हेही खरं. कागदोपत्री कंपनीचं नाव आजही फुट्सक्रे फुटबॉल क्लब असंच आहे, आणि दुय्यम संघ आज त्याच नावाने खेळतो.

१९९७ चा उल्लेख निघाला की जुने पाठीराखे गप्प का होतात?

प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे जिंकला तो ग्रँड फायनलला. समोर ॲडलेड. मध्यंतराला बुलडॉग्ज ३१ गुणांनी पुढे. शेवटच्या भागात लिबराटोरेने एक चेंडू मारला आणि गोल झाला म्हणून दोन्ही हात वर केले. गोल पंचाने बिहाइंड दिला. मग ॲडलेड उसळलं, डॅरेन जार्मनने निर्णायक गोल केला आणि बुलडॉग्ज दोन गुणांनी हरले. ९३-९१. ॲडलेडने पुढच्या आठवड्यात विजेतेपद घेतलं. १९९८ मध्ये त्याच टप्प्यावर पुन्हा ॲडलेडच समोर आलं आणि या वेळी ६८ गुणांनी हरवून गेलं.

१९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९, २०१०. या सातही वर्षी बुलडॉग्ज प्रिलिमिनरी फायनलपर्यंत पोचले आणि सातही वेळा हरले. २००९ चा पराभव फक्त सात गुणांचा होता. दारापर्यंत जाऊन परतणं माणसाला तळाला राहण्यापेक्षा जास्त थकवतं. ब्रॅड जॉन्सन ३६४ सामने खेळला आणि ग्रँड फायनल न खेळताच निवृत्त झाला.

२० सेंटच्या नाण्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९९६ च्या सुमारास लीगमध्ये नव्याने येणाऱ्या पोर्ट ॲडलेडने ख्रिस ग्रँटपुढे मोठी रक्कम ठेवली. क्लबची अवस्था पाहता तो गेला असता तरी कुणी दोष दिला नसता. तेव्हा एका लहान मुलाने त्याला पत्र पाठवून थांबायची विनंती केली आणि सोबत २० सेंटचं नाणं जोडलं. ग्रँट थांबला. एकूण ३४१ सामने याच क्लबसाठी खेळला. १९९७ मध्ये ब्राउनलोसाठी सर्वाधिक मतं त्याचीच होती, पण मोसमात एका सामन्याची बंदी भोगल्यामुळे तो पदकाला अपात्र ठरला.

डेम्प्सी, टेम्पल्टन, क्विनलन, राउंड यांची यादी वर वाचलीच असेल. त्या यादीपुढे ग्रँटचं थांबणं किती मोठं होतं ते लक्षात येतं.

२०१४ मध्ये काय बिघडलं?

एकाच ऑक्टोबरमध्ये सगळं. कर्णधार रायन ग्रिफनने पश्चिम सिडनीच्या जीडब्ल्यूएस संघात जायची मागणी केली. प्रशिक्षक ब्रेंडन मकार्टनी यांनी पद सोडलं. २००८ चा ब्राउनलो विजेता ॲडम कूनीही गेला. ग्रिफनच्या बदल्यात टॉम बॉइड हा अवघा एक मोसम खेळलेला तरुण सात वर्षांच्या जबर कराराने आणला गेला, आणि पैसे पाण्यात गेले असं जो तो म्हणू लागला.

एक बाब मात्र त्या गदारोळात झाकली गेली. त्याच वर्षी दुय्यम संघाने, फुट्सक्रे या जुन्या नावाने, व्हीएफएल ही आता राज्य पातळीवरची खालच्या दर्जाची स्पर्धा जिंकली होती. तरुण पोरं एकत्र जिंकायला शिकत होती. नोव्हेंबरमध्ये ल्यूक बेव्हरिज प्रशिक्षक झाला. तो स्वतः एकेकाळी या क्लबकडून खेळला होता.

२०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून विजेतेपद कसं मिळालं?

याआधी सातव्या क्रमांकावरून कुणीही जिंकलं नव्हतं. मोसमाच्या तिसऱ्याच सामन्यात कर्णधार बॉब मर्फीच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. वय ३३. पुढे दुखापतींची रांगच लागली. संघाने २२ पैकी १५ सामने जिंकले, पण तालिकेत सातव्या स्थानावर राहिला. म्हणजे विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकायचे, त्यातले दोन दुसऱ्या राज्यांत.

त्या वर्षी लीगने पहिल्यांदाच बाद फेरीआधी एक आठवड्याची सुट्टी ठेवली. त्या आठवड्यात जॅक मॅक्रे, टॉम लिबराटोरे असे जायबंदी खेळाडू परतले. (हा टॉम त्या टोनीचाच मुलगा. बापाच्या क्लबला मुलगा मिळावा असा नियम या लीगमध्ये आहे, आणि त्या संघात असे आणखीही मुलगे होते.)

पर्थमध्ये वेस्ट कोस्टला ४७ गुणांनी हरवलं. एमसीजीवर हॉथॉर्नला २३ गुणांनी, आणि हॉथॉर्न आधीची सलग तीन वर्षं विजेता होता. मग सिडनीत जीडब्ल्यूएस, म्हणजे ग्रिफन ज्या संघात गेला तोच. सात वेळा जिथे पाय घसरला ती पायरी. शेवटच्या मिनिटांत मॅक्रेच्या गोलने ती ओलांडली, ८९-८३. मेलबर्नहून गाड्या, बसगाड्या भरून लोक गेले होते. त्या रात्री घरात टीव्हीसमोर मी उभा होतो, बसलोच नव्हतो.

१ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, ९९,९८१ प्रेक्षक, समोर सिडनी स्वान्स. शेवटच्या भागापर्यंत सामना लोंबकळत होता. मग लियम पिकनने गोल केला. त्यानंतर पैशांवरून ज्याला दोन वर्षं बोल लावले होते त्या टॉम बॉइडने जवळजवळ ६० मीटरवरून चेंडू मारला. तो टप्पे घेत, रिकाम्या गोलकडे घरंगळत गेला आणि आत शिरला. बॉइडचा तो तिसरा गोल. अंतिम गुण ८९-६७. सर्वोत्तम खेळाडू जेसन योहानिसन, आणि त्याच्या गळ्यात नॉर्म स्मिथ पदक. १९५४ मध्ये ज्याच्या संघाला हरवलं त्याच माणसाच्या नावाचं.

बॉब मर्फीला पदक दिलं ते कोणतं?

अंतिम सामना खेळलेल्यांनाच विजेत्याचं पदक मिळतं, आणि मर्फी त्या दिवशी साध्या कपड्यांत कडेला होता. विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारं जॉक मकहेल पदक बेव्हरिजच्या गळ्यात पडलं. त्याने तिथेच मर्फीला मंचावर बोलावलं, स्वतःचं पदक काढलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. चषक मर्फीने आणि सामन्याचा कर्णधार इस्टन वूडने मिळून उचलला. मर्फीने ते पदक नंतर परत केलं आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. ३१२ सामने, ग्रँड फायनल एकही नाही.

जिंकल्यावर क्लब वर टिकून का राहिला नाही?

२०१७ मध्ये संघ बाद फेरीतही पोचला नाही. काहींना हे अपयश वाटतं. मला वाटतं २०१६ चा संघ तरुण होता आणि त्या चार आठवड्यांत त्याने अंगात होतं नव्हतं ते सगळं ओतलं होतं. बॉइडने २०१९ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, करार संपायच्या आधीच खेळ सोडला. मानसिक ताण आणि नैराश्याबद्दल तो मोकळेपणाने बोलला. त्याच्या तिन्ही गोलांइतकाच त्याच्या त्या बोलण्याचा मला आदर आहे.

२०२१ मध्ये मार्कस बाँटेम्पेलीच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा ग्रँड फायनलला गेला. कोविडमुळे तो सामना पर्थला झाला. तिसऱ्या भागात बुलडॉग्ज १९ गुणांनी पुढे होते. आणि मग समोरच्या संघाने गोलांचा असा पाऊस पाडला की शेवटी १४०-६६ असा पराभव झाला. समोरचा संघ होता मेलबर्न, १९५४ मध्ये ज्याला दुप्पट गुणांनी हरवलं होतं तोच. त्यांनीही १९६४ पासून वाट पाहिली होती.

महिलांचा संघही आहे ना?

आहे, आणि त्याचा इतिहास क्लबच्या शहाण्या निर्णयांत मोडतो. २०१३ मध्ये लीगच्या छत्राखाली महिलांचा पहिला प्रदर्शनीय सामना झाला तो मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज यांच्यातच. क्लबच्या उपाध्यक्ष सुझन अल्बर्टी यांनी महिलांच्या लीगसाठी पैसा आणि शब्द दोन्ही खर्च केले. लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच मोसमात, मार्च २०१८ मध्ये, बुलडॉग्जच्या मुलींनी ब्रिस्बेनला ६ गुणांनी हरवून विजेतेपद घेतलं.

प्रत्यक्ष पाहायचं तर कुठे जावं?

पुरुषांचे बहुतेक घरचे सामने डॉकलंड्सच्या स्टेडियमवर होतात, काही बॅलरॅटला. पण पहिल्यांदा जायचं असेल तर मी व्हिटन ओव्हलच सांगेन. वेस्ट फुट्सक्रे स्टेशनवर उतरलं की मैदान जवळच आहे. महिलांचे आणि दुय्यम संघाचे सामने तिथे होतात. हिवाळ्यात जाड जाकीट न्या, तिथला वारा जुन्या खेळाडूंनाही नकोसा व्हायचा. बाहेर टेड व्हिटनचा पुतळा आहे. मुलांना मध्यंतरात मैदानावर चेंडू मारायला सोडत असतील तर त्यांना जरूर सोडा. आमची धाकटी पहिल्यांदा तिथेच चेंडू मारायला शिकली, एका अनोळखी आजीबाईंकडून, ज्यांच्या गळ्यात लाल-पांढरा-निळा मफलर होता आणि ज्या १९८९ मध्ये डबा घेऊन बार्कली स्ट्रीटवर उभ्या होत्या.